सकाळचा पहिला तांब्या

खानापूरच्या पलीकडे, रान जिथे भाताच्या खाचरांना येऊन टेकतं, तिथल्या एका वाडीत गुणाबाई राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव भरमू. वाडीत या बाईची ख्याती होती ती एकाच गोष्टीसाठी. रोज सकाळी भरमू तोंड धुऊन उंबऱ्यात येतो न येतो तोच ती पितळेचा तांब्या भरून त्याच्यापुढे धरायची आणि तो शेवटचा घोट गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तव्यावर भाकरी करपली तरी नाही, गोठ्यात रेडकू सुटलं तरी नाही.

विहिरीवर बायकांना याची फार मौज वाटे. थोरली जाऊ अक्काताई तर तोंडावरच म्हणायची, "काय गं गुणा, दादल्याला पाणी पाजतीस का बैलाला? बैलाफुडं बी एवढा येळ कोण हुबं ऱ्हाईत न्हाय."

गुणाबाई हसायची, चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि घागर उचलून वाटेला लागायची. तिला नवऱ्याचं कौतुक नव्हतं असं मुळीच नाही. पण त्या तांब्यामागे कौतुक नव्हतं, भीती होती. ती रोज सकाळी ताजी व्हायची, भरमूनं तांब्या खाली ठेवला की दिवसापुरती निवायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तिच्या आधी उठून बसलेली असायची. अशी अठरा वर्षं तिनं काढली.

ही भीती त्या घरात आली टिप्याच्या तोंडून. टिप्या म्हणजे भरमूचं कुत्रं, अंगानं रोड पण आवाजानं दांडगं. भात पोसवलं की रानडुकरं खाचरात उतरतात, तेव्हा माळ्यावर बसून डबा वाजवणाऱ्या माणसापेक्षा खाली धावणारं कुत्रं जास्त कामाचं. सन अठ्ठावीसच्या सुगीआधी एका भर दुपारी एक कोल्हा शेतात शिरला. माणसं समोर असताना तो पळेना, उलट टिप्याच्या अंगावर आला. दोघांची चांगलीच जुंपली आणि शेवटी टिप्यानं त्याला ओढ्यापार हाकलून लावला. कोल्ह्यासारखा भित्रा प्राणी दिवसाढवळ्या माणसांत येतो यात काही वावगं आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. टिप्याच्या नाकावर ओरखडा होता. त्याला त्या दिवशी भाकरीबरोबर सुक्या मासळीचा तुकडा जास्त मिळाला, आणि गोष्ट तिथेच संपली असं सगळ्यांनी धरलं.

महिना-सव्वा महिन्यानं टिप्यानं खाणं सोडलं. त्याचा खालचा जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळ गळायला लागली, घशातून घरघर यायला लागली. पाण्याच्या कोळंब्यापाशी जाऊन तो तोंड बुडवायचा, पण घोट काही आत जायचा नाही.

पिसाळलेलं कुत्रं कसं असतं हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक होतं. ते डोळे लाल करून, शेपटी पायात घालून, दिसेल त्याला चावत सुटतं. टिप्या तर कोपऱ्यात गुमान बसून होता. तेव्हा भरमूनं तेच ताडलं जे त्या भागातल्या कुणीही ताडलं असतं, की घशात हाडूक अडकलंय. रानाकडेच्या कुत्र्यांच्या घशात हाडूक अडकणं नवं नाही, आणि ते काढायची रीतही ठरलेली. एकानं कुत्र्याचं डोकं मांडीत दाबून धरायचं, दुसऱ्यानं बोटांना तेल लावून घशात हात घालायचा. गुणाबाईचा हात बारीक, म्हणून घशात हात घालायचं काम तिचं.

तिनं मनगटापर्यंत हात घातला. कोयता धरून धरून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांना लाळ झोंबली. आत चाचपून बघितलं, हाडूक कुठेच नव्हतं. "काय बी लागंना वो," असं म्हणत तिनं हात बाहेर काढला आणि त्याच वेळी टिप्यानं अंगाला एक हिसडा दिला. त्याचा दात भरमूच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुतला. रक्ताची धार लागली.

मालकाचं रक्त काढलेलं कुत्रं जगवायचं नाही, असा त्या वाडीचा नेम होता. भरमूनं हाताला चिंधी गुंडाळली, कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि आपल्या कुत्र्याला आपल्या हातानं मारलं. टिप्या पळाला नाही की गुरगुरला नाही. मढं रानातल्या घळीत टाकून दिलं. त्या दिवशी भरमू जेवला नाही.

चौथ्या दिवशी लाकडाच्या ठेक्यावरचा कारकून वाडीत आला. अंगठ्याची चिंधी बघून त्यानं विचारपूस केली, जबड्याचं ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. "भरमू, गाडी जुंप आणि खानापूर गाठ. तिथनं रेल्वेनं सरळ बेळगावला जा," तो म्हणाला. "पिसाळलेल्या कुत्र्यावरच्या सुया आता तिथं मिळतात." पिसाळलेलं हा शब्द पहिल्यांदा त्याच्या तोंडून आला. गुणाबाईनं पाच वर्षांच्या रुक्माला जावेच्या ओटीत टाकलं आणि ती नवऱ्याबरोबर निघाली.

बेळगावातल्या दवाखान्यात हुदलीकर नावाचे डॉक्टर होते. वयानं पन्नाशीचे, टिळकवाडीत राहणारे, बोलायला सावकाश. त्यांनी जखम बघायच्या आधी विचारलं, "कुत्रं कुठे आहे?"

"मारलं की," भरमू म्हणाला. चांगलं काम केल्याच्याच सुरात म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "बांधून का नाही ठेवलंत? पिसाळलेलं असतं तर आठ-दहा दिवसांत आपोआप मेलं असतं. नसतं मेलं तर तुम्ही मोकळे होतात. बरं, डोकं तरी आणायचं. तपासायला धाडलं असतं."

"मंजी आता तुमास्नी कळायचं न्हाय?"

"नाही. आता कुणालाच कळायचं नाही."

गुणाबाईला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. डॉक्टर म्हणजे नाडीला हात लावून पोटातलं सांगणारा माणूस, अशी तिची समजूत. हा तर कोट घालून, चष्मा लावून, खुर्चीत बसून 'कळत नाही' म्हणत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुणाला चावलं? तोंडात हात कुणी घातला होता?"

तिनं आपला हात पुढे केला. त्यांनी भेगा उजेडात धरून निरखल्या. "लाळ आत गेली असेल किंवा नसेलही. सांगता येत नाही. पण तुम्हीही सुया घ्या, बाई. दोघांनीही घ्यायच्या. रोज एक, पोटात, दोन आठवडे."

"मंग आमी वाचनार न्हवं?" भरमूनं विचारलं.

"बहुतेक. खात्री देत नाही."

"सुईनं काय वंगाळ होत न्हाय न्हवं?"

"हजारो लोकांत एखाद्याचे पाय लुळे पडतात. तुमचे पडणार नाहीत असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण न घेण्यापेक्षा घेणं बरं."

भरमूनं बायकोकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ह्याच्यापरास आपला जोशी बरा की गं. त्यो कायतरी ठाम तर सांगतोय."

गुणाबाईला हसू आलं नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "आलंच, तर ते कवा येतंय? कळतंय कसं?"

डॉक्टरांनी बाईकडे नीट बघितलं आणि तिला समजेल अशा बेतानं सांगितलं. महिन्यात येईल, तीन महिन्यांत येईल, वर्षानं येईल, क्वचित त्याहूनही उशिरा येईल. आधी चावल्या जागी मुंग्या येतात, मग ताप भरतो, मग पाणी घशाखाली जात नाही. तहान तर मरणाची लागते, पण पाणी नुसतं समोर दिसलं तरी घसा आवळतो आणि जीव कासावीस होतो.

"तसं झालं तर लगोलग तुमच्याकडं आणायचं व्हय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "नाही, बाई. मग आणून उपयोग नाही. मग कुणाच्याच हातात काही नसतं."

एवढ्या बोलण्यात या माणसानं दहादा 'सांगता येत नाही' म्हटलं होतं. ठाम म्हणून तो एकच गोष्ट बोलला आणि ती हीच होती. त्यामुळे बाकी सगळं विसरलं तरी हे वाक्य गुणाबाईच्या मनात जे रुतलं ते कायमचं.

दवाखान्यामागे पत्र्याची एक ओवरी होती, तिथे बाहेरगावची माणसं उतरत. तिथे निपाणीचा शामू होता, तंबाखूच्या वखारीतला हमाल. त्याला गालावर कुत्रं चावलं होतं. तो उशिरा आला होता, पण त्याच्या सगळ्या सुया होत आल्या होत्या. माणूस गमत्या. भरमूच्या सुजलेल्या पोटाकडे बघून म्हणायचा, "पाव्हणं, कितवा म्हैना?" त्याच्यामुळे भरमूला जरा धीर आला होता.

एका सकाळी शामू ओवरीतून उठला नाही. गाल बधिर झालाय म्हणाला. दुपारी त्याला आतल्या खोलीत हलवलं. भरमू आणि गुणाबाई सुईसाठी रांगेत बसली होती, तिथून खिडकीतून सगळं दिसत होतं. शामू ओरडून पाणी मागत होता. त्याच्या बायकोनं पेला पुढे केला. पेला नुसता जवळ आला आणि त्याची मान मागे वळली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, छाती भात्यागत खालीवर व्हायला लागली. पेला तिच्या हातून पडला. थोड्या वेळानं तो पुन्हा पाणी मागायला लागला आणि पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

भरमूनं गाठोडं बांधलं. "ह्यानं बी सुया घेतल्याच हुत्या की," तो म्हणाला. गुणाबाईनं त्याला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. ते म्हणाले, "त्याचा चावा तोंडावर होता, मेंदूच्या जवळ. शिवाय तो उशिरा आला. तुमचं वेगळं आहे. तुम्ही बहुतेक वाचाल."

"बहुतेक!" भरमू ओरडला. "सारकं बहुतेक, बहुतेक! एकदा तरी वाचतूस म्हणा की!"

हुदलीकर डॉक्टरांना ते म्हणता आलं असतं. खोटं बोलून त्यांनी त्याला दोन आठवडे बसवून ठेवलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांना ते जमलं नाही, आणि भरमू संध्याकाळच्या गाडीला बसला.

त्याला हवं ते म्हणणारा माणूस शेजारच्या गावात होता. मष्णूआप्पा म्हातारा होता, कुत्र्याच्या चाव्यावर मुळी देणारा. त्यानं गुळातून काहीतरी खायला घातलं आणि भरमूला विहिरीच्या काठावर नेऊन वाकायला लावलं. पाण्यात कुत्रं दिसलं तर संपलं, आपलं तोंड दिसलं तर भय नाही. भरमूला आपलंच तोंड दिसलं. मष्णूआप्पानं पाठीवर थाप मारली, "जा रं, शंभर वर्सं जगशील. माझा सबूद हाय." भरमू घरी आला, पोटभर जेवला आणि घोरत झोपला.

गुणाबाई मात्र ओवरीत राहिली. एकटी. पोट दगडासारखं झालं, कुशीवर वळता येईना, तरी तिनं एकही सुई चुकवली नाही. जो माणूस आपल्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो, तो जे माहीत आहे म्हणतो ते खरंच असणार, असा तिचा साधा हिशेब होता. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "त्येंच्या निम्म्या बी झाल्या न्हाईत. त्येंचं काय हुईल?"

"परत घेऊन या त्यांना."

"आणि न्हाय आलं तर?"

"माहीत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले.

भरमू परत गेला नाही. ती रडली, भांडली, रुक्माला त्याच्या पायावर घातलं. तो म्हणाला, "तू तुझं बघितलंस, म्या माझं बघितलंय. आता ह्या घरात त्या कुत्र्याचं नाव काढायचं न्हाय." तिनं नाव काढलं नाही. दुसऱ्या सकाळपासून तांब्या सुरू झाला.

पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. वर्ष सरलं तशी वाडी सगळं विसरली. भरमू तर कधीच विसरला होता, त्याच्या लेखी विहिरीतलं तोंड हा पक्का निकाल होता. गुणाबाईला विसरता आलं नाही ते एका शब्दापायी. क्वचित त्याहूनही उशिरा, असं डॉक्टर म्हणाले होते. किती उशिरा? दोन वर्षं? दहा? हे विचारायचं तिनं मनात धरलं, आणि एकदा भावाबरोबर बाजाराला म्हणून बेळगावला जाऊन दवाखान्याच्या दारात उभीही राहिली. हुदलीकर डॉक्टरांची बदली झाली होती, कुठे ते शिपायाला सांगता येईना. ती तशीच परत आली.

मग माणूस भितो तशी ती भीत राहिली, म्हणजे सगळ्यालाच. भरमू पावसात भिजायचा कंटाळा करून दारात थांबला की तिचं काळीज हलायचं. वाऱ्यानं तो ठसकला तरी ती हातातलं टाकून धावायची. एका लग्नात त्यानं पन्हं नको म्हणून पेला परत केला, तर ही बाई भर मांडवात मटकन खाली बसली. नवऱ्या मुलीची आई घाबरून कांदा शोधत फिरली. भरमूनं त्यावरून तिला वर्षभर चिडवलं. "पन्ह्यात मीठ पडलं हुतं गं बये, म्हणून नगं म्हनलं." ती हसायची. तिला हसवणं त्याला चांगलं जमायचं, आणि म्हणून तर भीती जास्त होती. रुक्मा मोठी झाली, जवळच्याच गावी दिली, तिला पोरं झाली. तांब्या चालूच राहिला.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, भरमू हळव्या भाताची कापणी करून आला. हात झटकत तो सहज म्हणाला, "अंगठ्याच्या बुडाला मुंग्या आल्यात गं. दिसभर कोयता धरलाय न्हवं."

गुणाबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्यापुढच्या सकाळी तिनं तांब्या पुढे केला तर भरमूनं बघूनच तोंड फिरवलं आणि हातानं तो बाजूला सारला. "नगं. वकारी येतीया."

अठरा वर्षं ज्या क्षणाला ती भीत होती तो उंबऱ्यात आला होता. गुणाबाई ओरडली नाही. तिनं तांब्या उचलून आत नेला.

तिनं काय केलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण वेडीनं केल्यासारखं ते कुणालाही वाटेल. तिच्या माहेरी, ती परकर घालायची त्या वयात, पाण्याला भिणारा एक माणूस गावानं गाडीच्या दोरानं गोठ्यातल्या खांबाला बांधला होता. तो मरेपर्यंत कुणी जवळ गेलं नव्हतं. भरमूचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं. डॉक्टरांकडे नेऊन उपयोग नव्हता. तसं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. राहता राहिलं एकच, मरण सोपं करणं. पाणी दिसलं की घसा आवळतो. तेव्हा पाणी दिसू द्यायचं नाही.

तिनं मधल्या घरात अंथरूण घातलं, कवाड ओढून घेतलं, खिडकीला घोंगडं लावलं. पाण्याच्या घागरी मागच्या पडवीत नेऊन झाकल्या. अक्काताई डोकावली तेव्हा "डोळं आल्यात त्येंचं, उजेड सोसंना," असं सांगून तिला बाहेरूनच वाटेला लावलं.

भरमूचा ताप चढत गेला. तो बरळायला लागला, टिप्याला हाका मारायला लागला. ते नाव ऐकलं आणि तिला उरलासुरला संशयही राहिला नाही. मग तो पाणी मागायला लागला. "गुणा, पानी. पानी दे की गं." ती दाराला पाठ लावून बसली होती. शामूही असाच मागत होता, आणि पेला पुढे केल्यावर त्याचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तिनं तोंडात पदर कोंबला. "न्हाय वो, माज्या राजा, न्हाय," असं ती पुटपुटत राहिली. तो मागत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

त्या दुपारी रुक्मा सणासाठी म्हणून आली. कवाड बंद बघून तिनं हाका मारल्या, आई आडवी आली तशी तिला बाजूला सारून ती आत शिरली. बापाच्या कपाळाला हात लावला. त्याचे ओठ फुटले होते, जीभ कोरडी ठाक पडली होती. "पानी," तो म्हणाला. रुक्मा पडवीत धावली आणि घागरीत तांब्या बुडवून आली.

"रुक्मे, नगं! फुडं धरू नगंस!" गुणाबाई किंचाळली.

तोवर तांब्या त्याच्या ओठांना लागला होता. भरमू प्याला. घोट घोट, गटागटा प्याला, छातीवर सांडत प्याला. घसा आवळला नाही, मान वळली नाही. तांब्या रिता झाला आणि तो म्हणाला, "आनी दे."

गुणाबाई भिंतीला टेकून खाली सरकली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "प्याला! रुक्मे, बा पानी प्याला बग तुजा! ते न्हवं! ते न्हवंच!"

"ते म्हंजी काय? हिवताप हाय ह्यो," रुक्मा म्हणाली. "साऱ्या गावात पडलाय. कोयनेल दिलंस का न्हाय?"

गुणाबाईचं हसू तोंडावरच राहिलं. हिवतापावरच्या, पोस्टात मिळणाऱ्या कोयनेलच्या पुड्या कोनाड्यात होत्या, चुलीपासून हाताच्या अंतरावर. गेल्या सालीच तिनं स्वतः आणून ठेवल्या होत्या. त्या भागात ताप आला की पोरसुद्धा आधी हिवतापाचं नाव घेतं. तिला ते सुचलंच नव्हतं. अठरा वर्षं ती एकाच वाटेकडे डोळे लावून बसली होती, आणि मरण तिच्या पाठीमागच्या दारानं आलं होतं.

रुक्माच्या नवऱ्यानं गाडी पळवली आणि खानापुरातून नवा डॉक्टर आणला. पोरगेला होता, पण हाताला चपळ. ताप डोक्यात गेलाय म्हणाला, अंगातलं पाणी आटलंय म्हणाला, दंडात सुई दिली. गुणाबाईनं त्याचे पाय धरले. "वाचत्यात न्हवं, सायब?"

"वाचणार, आजी. नक्की वाचणार," तो म्हणाला.

नक्की म्हटलेलं ऐकून रुक्मानं हात जोडले. गुणाबाईनं मात्र त्याचे पाय सोडले. खरं बोलणारा डॉक्टर तिनं एकच बघितला होता, आणि तो कधी नक्की म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत भरमू गेला. बायका गोळा झाल्या, अक्काताईनं गळा काढला. नवा डॉक्टर पुन्हा बघायला म्हणून आला होता तो अंगणातच थांबला. गुणाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं.

"सायब, म्या त्येस्नी दोन दिस पानी दिलं न्हाय. कोयनेल दिलं न्हाय. दिलं असतं तर जगलं असतं का?"

पोरगा कालचा राहिला नव्हता. तो जमिनीकडे बघत उभा राहिला, टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "सांगता येत नाही, आजी."

गुणाबाईनं मान हलवली. हे उत्तर तिच्या ओळखीचं होतं. यापुढचे दिवस कशाच्या सोबतीनं काढायचे आहेत, ते तिला कळलं.

दुसऱ्या सकाळी ती सवयीनं उठली, घागर लवंडून पितळेचा तांब्या भरला आणि उंबऱ्यापाशी आली. समोर कुणी नव्हतं. तांब्या तिनं आपल्याच तोंडाला लावला. पाणी शेवटच्या घोटापर्यंत गेलं. घसा कुठेच अडला नाही.